दगडावरचे पाच लाख एक हजार

डॉ. निरंजन काळमेघ यांनी आयुष्यात कधी कोणाला फसवलं नव्हतं, निदान इन्कम टॅक्सवाल्यांना तर नाहीच. रायपूरच्या समता कॉलोनीत त्यांचा दातांचा दवाखाना होता. त्यात एकच खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसणाऱ्याचं तोंड कायम उघडं असल्यामुळे संभाषणात नेहमी डॉक्टरांचीच सरशी व्हायची. दरवर्षी जुलैत ते शंकर नगरला सुशील सी.ए.कडे कागद नेऊन द्यायचे, सुशील बोट ठेवेल तिथे सही करायचे आणि देशाला आपला हातभार लागला या समाधानात येताना पावशेर जिलबी घेऊन यायचे. अशा माणसाला नोटीस यावी म्हणजे सरकारचाच कुठेतरी घोटाळा झालेला असणार, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

नोटीस आणून दिली ती रूपालीनं. ही दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट. मराठी तिला सगळी कळायची, पण उत्तर हिंदीतच यायचं.

"सर, इन्कम टॅक्स से आया है. पाँच साल पुराना केस फिर से खोलेंगे बोल रहे हैं."

डॉक्टरांच्या हातातलं मशीन थांबलं. खुर्चीतल्या पेशंटनं तोंड मिटलं, गालातला कापसाचा बोळा स्वतःच काढला आणि म्हणाला, "एक बार फाइल खुली तो फिर बंद नहीं होती डॉक्टर साहब. मेरे साढू का प्लॉट बिक गया." एवढं सांगून त्यानं बोळा होता तिथे परत ठेवला आणि आ वासला. त्याच्या दाढेत काय करायचं होतं तेच डॉक्टरांना आठवेना.

सुशीलनं खात्याला पत्र लिहून केस उघडण्याचं कारण मागितलं. महिन्याभरात कारण आलं. सुशीलनं ते आपल्या ऑफिसात मोठ्यानं वाचून दाखवलं. करदात्यानं त्या वर्षी उत्पन्न दाखवलं होतं चार लाख दहा हजार. त्याच वर्षी स्नेहवर्धिनी मंडळाच्या मंगल कार्यालयाला त्यानं पाच लाख एक हजार दान दिल्याचं तिथल्या संगमरवरी दगडावर कोरलेलं आहे. सबब, उत्पन्न दडवलं असं मानायला जागा आहे.

सुशीलनं चष्म्यावरून पाहिलं. "डॉक्टर, कमाईपेक्षा जास्त दान करनारा मानूस मी पहिल्यांदा पाहून राहिलो."

डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "मी अकराशे दिले होते रे."

आता इथे बाबारावांची ओळख करून देणं भाग आहे. बाबाराव म्हणजे रेल्वेतून रिटायर झालेले, रायपूरच्या मराठी लोकांच्या या मंडळाचे सचिव. निवडणूक कधी झाली होती ते कोणालाच आठवत नसल्यामुळे ते सचिव राहिले होते. रायपूर नुकतंच राजधानी झालं तेव्हा सगळ्या समाजांचे हॉल उठू लागले, आणि आपल्याच लोकांनी लग्नं दुसऱ्यांच्या हॉलमध्ये भाड्यानं करायची, हे बाबारावांना सोसेना. पण वर्गणी म्हटली की आपली मंडळी खिशात हात घालतात आणि हात तिथेच राहतो. यावर बाबारावांकडे एक जुना उपाय होता. त्याला ते माइकची बोहनी म्हणत.

"पहिला आकडा मोठा पायजे डॉक्टर," गणपतीच्या सभेआधी ते निरंजनच्या कानाशी लागले होते. "मंग मागचे लोक लाजेनं चढते. तुमचं नाव लावतो. द्याचं काई नाई. फक्त मान हलवाची."

डॉक्टरांनी मान हलवली. त्यांचा गुन्हा म्हणाल तर एवढाच. माइकवरून "डॉक्टर काळमेघ, पाच लाख एक हजार" असं ऐकल्यावर टाळ्यांचा जो कडकडाट झाला, त्यात डॉक्टरांनी उठून नमस्कारही केला, हे मात्र खरं. नमस्कार करायला बाबारावांनी सांगितलं नव्हतं.

आणि चौथ्या रांगेत शिशिर भाकरे बसला होता. शिशिर पहिलीपासून निरंजनच्या बाकावरचा. भनपुरीला त्याचं लोखंडी सळ्यांचं गोदाम होतं. निरंजननं स्कूटर घेतली की शिशिर मोटारसायकल घ्यायचा, निरंजन पुरीला जाऊन आला की शिशिर रामेश्वर गाठायचा. त्यात वैर नव्हतं, पण मागे राहणं त्याच्या अंगात नव्हतं. तो उभा राहिला आणि म्हणाला, "माझे पाच लाख अकरा हजार." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ते आणून दिलेसुद्धा. हॉलवर छत चढलं ते त्याच पैशावर. आणि माइकवर वाचलेले आकडे बाबारावांनी जसेच्या तसे दगडावर कोरून घेतले.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दोघं मित्र एकत्र पोहे खायचे आणि बिल देताना शिशिर न चुकता म्हणायचा, "आपन दोघायनं उभा केला भाऊ हॉल." डॉक्टर बशीतले उरलेले पोहे गोळा करत राहायचे. सांगून टाकावं असं दर रविवारी वाटायचं आणि दर रविवारी वाटायचं की पुढच्या रविवारी सांगू.

खात्याला हा दगड दिसला कसा, तर एका लग्नात. बुफेच्या रांगेत एक इन्स्पेक्टर ताट घेऊन उभा होता, पुऱ्या तळून यायला वेळ लागत होता आणि समोर भिंतीवर वाचायला दुसरं काही नव्हतं. भुकेल्या माणसाच्या डोळ्यांत दुसऱ्याचे पाच लाख लवकर भरतात. आचाऱ्यानं तेल जरा आधी तापवलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं, असं डॉक्टर आजही म्हणतात.

सुशीलनं दोन रस्ते सांगितले. "टॅक्स, व्याज, दंड भरून टाका. दोनेक लाखात भागते. पन मंग लिहून द्यावं लागन की कमाई लपवली होती. नाही तर लढा, आन सांगा की दगड खोटा आहे."

म्हणजे एक तर चोर म्हणवून घ्यायचं आणि दानशूर राहायचं, नाही तर निर्दोष सुटायचं आणि गावभर खोटारडा ठरायचं. डॉक्टरांना दोन्ही नको होतं. दोन लाखांत दवाखान्याला नवी खुर्ची आली असती हा हिशेब वेगळाच. पण खरं म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर खुर्चीही नव्हती आणि दंडही नव्हता. होता तो शिशिर, चौथ्या रांगेत उभा राहिलेला. आपल्या एका मान हलवण्यापायी त्यानं खरे पाच लाख मोजले हे त्याला कळलं तर तो पुन्हा तोंड पाहील का, हीच त्यांची खरी भीती होती.

घरी क्षमानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं. ती नागपूरची, शब्द जपून वापरणारी नव्हे. "खोटं तर बोललातच," ती म्हणाली. "चोरी तर नाही ना केली? मग न केलेल्या चोरीचे पैसे काहून भरता?"

लढायचं ठरलं.

समता कॉलोनीत एखाद्यानं लढायचं ठरवलं की ती लढाई त्याची एकट्याची राहत नाही. शेजारच्या वनमालाकाकूंनी सांगितलं की ऑफिसरला घरी जेवायला बोलवा, वडाभात करा, वडाभात खाल्लेला माणूस वाईट वागत नाही. एका पेशंटनं अर्धवट बसवलेल्या दातानिशी सल्ला दिला की वेड लागल्याचं सर्टिफिकेट घ्या. तळमजल्यावरच्या निवृत्त तहसीलदारांनी तर डॉक्टरांना जिन्यातच अडवून सांगितलं की नोटीस घेतलीच कशाला, घर बंद आहे म्हणून परत पाठवायची. डॉक्टर सगळ्यांना हो म्हणत राहिले. मान हलवण्याची खोड त्यांना अजून लागलेलीच होती.

सुशीलनं रीतसर हरकत लिहिली. दान दिलेलंच नाही, दगडावरचा आकडा नुसता उत्साह वाढवण्यासाठी. खात्यानं म्हटलं, आम्ही जागेवर येऊन पाहतो. ही बातमी बाबारावांना कळली, आणि डॉक्टरांना मदत करायची त्यांना जी उबळ आली ती कोणाला न विचारता आली. इन्स्पेक्टर कॅमेरा घेऊन आला तेव्हा दगडासमोर मंडळाच्या भांड्यांचं लोखंडी कपाट उभं होतं. इन्स्पेक्टरनं ते सरकवायला लावलं. कपाट सरकताना वरची तीन पातेली आणि एक परात खाली आली. त्यातली परात इन्स्पेक्टरच्या पायावर पडली. तो लंगडत फोटो काढून गेला आणि हरकत फेटाळली गेली. हुकुमात लिहिलं होतं की करदात्यानं पुरावा कपाटाआड दडवला, यावरून त्याचा हेतू स्पष्ट होतो.

डॉक्टर तो हुकूम घेऊन तडक मंडळात गेले.

"बाबाराव, हे काय करून ठेवलं?"

"म्या तर झाकून ठेवलं डॉक्टर. नजर नाई लागाची."

"आता हायकोर्टात जावं लागेल. तुम्ही लिहून द्या की मी अकराशेच दिले होते."

बाबाराव ताठ झाले. "असं कसं लिहून देऊ? मी कुठं म्हनलं का तुमी पाच लाख देल्ले? दगड म्हनते. आन दगड मंडळाचा आहे. मंडळाची इज्जत आहे का नाई?"

डॉक्टरांनी विनवलं, रागावून पाहिलं. बाबाराव ढळेनात. शेवटी सोबत आलेला सुशील दगडासमोर जाऊन उभा राहिला आणि खालची नावं वाचू लागला. चौथं नाव बाबारावांच्या जावयाचं होतं, अडीच लाखांचं.

"बाबारावजी, यायनं खरंच देल्ले का हो?"

बाबाराव खिशात रुमाल शोधू लागले.

"नाही म्हंजे, खात्यानं डॉक्टरचा दगड खरा धरला तर जावयाचा बी खराच धरन. त्यायचीबी फाइल उघडन मंग."

बाबारावांनी दगडाकडे पाहिलं, मग सुशीलकडे. "हव," ते म्हणाले. "सही कुठं कराची सांगा."

राजधानी रायपूरला आणि हायकोर्ट बिलासपूरला, ही वाटणी ज्यानं कोणी केली त्याला डॉक्टरांनी त्या वर्षी फार आठवलं. दर तारखेला दवाखाना बंद, पहाटेची गाडी, आणि सोबतीला बाबाराव. रेल्वेतली नोकरी संपली तरी बाबाराव प्रत्येक स्टेशनावर उतरून गाडी वेळेत आहे की नाही ते पाहून यायचे आणि गार्डाच्या चुका डॉक्टरांना सांगायचे. बिलासपूरचे वकील चारुदत्त मोघे, त्यांच्या ऑफिसात कागदांचे गठ्ठे टेकायला भिंत कमी पडत होती. ते पहिल्याच भेटीत म्हणाले, "केस उत्तम आहे. इतका मूर्ख अशील मला बऱ्याच वर्षांत मिळाला नव्हता." हे कौतुक आहे हे डॉक्टरांना परतीच्या गाडीत भाटापारा स्टेशन आल्यावर कळलं.

कोर्टानं आधी खात्याला पुढची कारवाई थांबवायला सांगितलं, म्हणजे निकाल लागेपर्यंत तरी जीव भांड्यात पडला. मग तारखा पडत गेल्या. कधी नंबर लागला नाही, कधी खात्याच्या वकिलांना ताप आला. एकदा नंबरही लागला आणि ताप उतरलेले वकीलही आले, तर आपले मोघेच दाढ दुखते म्हणून घरी होते. डॉक्टरांनी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन दाढ तपासली आणि फी घेतली नाही. मोघ्यांनी त्यांची फी घेतली.

अखेर सुनावणी झाली. जज्जांनी फाइल चाळली आणि हिंदीत विचारलं, "आपके मुवक्किल ने असल में दिया कितना?"

"ग्यारह सौ, माय लॉर्ड."

"और पत्थर पर?"

"पाँच लाख एक हजार."

जज्जांनी चष्मा काढला. "तो हॉल बना किसके पैसे से?"

"दूसरों के, माय लॉर्ड. इनका आँकड़ा सुनकर."

कोर्टात हशा पिकला. डॉक्टरांचे कान तापले. जन्मभर दुसऱ्याचं तोंड उघडं ठेवून आपण बोलायची सवय झालेली, त्यांना आता काही तरी सांगायचं होतं, की समाजासाठी केलं, की हेतू चांगला होता. ते उठायला लागले तसं मोघ्यांनी मागे न बघता त्यांचा कोट धरून खाली ओढला.

खात्याच्या वकिलांनी कपाटाचा मुद्दा काढला, पातेल्यांचाही काढला. जज्जांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "इनके खाते से एक रुपया निकला हो, मंडल के खाते में आया हो, ऐसा कोई कागज़ है?" नव्हता. "तो आपके पास सिर्फ पत्थर है. खाने की लाइन में खड़े-खड़े कुछ पढ़कर शक हो सकता है. केस खोलने के लिए शक काफी नहीं." नोटीस रद्द झाली. मग जज्ज डॉक्टरांकडे बघून, आवाज न चढवता म्हणाले, "पर डॉक्टर साहब, पत्थर पर झूठ अच्छा नहीं लगता."

जिंकूनसुद्धा मान खाली घालून बाहेर पडणारा अशील कोर्टाच्या पायऱ्यांनी त्या दिवशी पाहिला. सुशील पेढे घ्यायला धावला. बाबारावांनी तिथल्या तिथे पाच खाल्ले.

तिसऱ्या दिवशी पेपरात आलं. रायपूरच्या एका हिंदी पेपरात आतल्या पानावर छोटी बातमी, पण मथळा ठसठशीत होता: दाँत के डॉक्टर ने दान नहीं दिया, हाईकोर्ट से मिली राहत. वनमालाकाकूंनी तो कापून आणून दिला, जपून ठेवा म्हणाल्या.

त्या रविवारी शिशिर आला नाही. डॉक्टरांनी पोह्याच्या दुकानात तासभर वाट पाहिली. त्यांनी फोन केला, तो उचलला गेला नाही. त्यांनी एकट्यानं पोहे संपवले आणि बिल स्वतः दिलं. इतकी वर्षं ते बिल किती होतं हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या रविवारीही तेच. खात्याला हरवून माणूस आनंदात असायला हवा, पण डॉक्टरांना जेवण गोड लागेना. हा मित्र गेला तर आपल्याला दुसरा नाही, हे त्यांना इतकं उघडं कधी दिसलं नव्हतं.

"कोर्टात वकिलानं सांगितलं," क्षमा म्हणाली. "पेपरात पेपरवाल्यानं सांगितलं. तुम्ही कुठं सांगितलं त्याला?"

पुढच्या आठवड्यात मंडळाची वार्षिक सभा होती. हॉल भरला होता. शिशिर चौथ्या रांगेतच बसला होता आणि छताकडे बघत होता. ते छत त्याचंच होतं, त्यामुळे बघायचा त्याला हक्कही होता. बाबारावांनी अहवाल वाचला, स्वयंपाकघरावर शेड नाही, पावसात आचारी भिजतात असं सांगितलं, आणि माइकवर हात ठेवून पहिल्या रांगेतल्या डॉक्टरांकडे वाकले.

"डॉक्टर, दोन लाख लावू का? मान हलवा फक्त."

डॉक्टर उठले, त्यांनी बाबारावांच्या हातून माइक घेतला आणि सभेकडे तोंड केलं.

"मागच्या वेळी माझं नाव पाच लाख एक हजारांनी वाचलं होतं," ते म्हणाले. "मी अकराशे दिले होते. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी उठून नमस्कार केला. शिशिरनं माझ्या आकड्यावर खरे पैसे दिले. तो मला दर रविवारी दोघांनी हॉल उभा केला म्हणायचा आणि मी पोहे खात राहायचो. हॉल त्यानं उभा केला. माझं नाव दगडावरून काढा. शिशिर, मला माफ कर."

मागच्या रांगेत एक मूल पाणी मागत होतं, त्याला आईनं गप्प केलं.

"आता शेडसाठी," डॉक्टर पुढे म्हणाले, "माझे एकावन्न हजार. चेकनं. पावती घेणार."

हा आकडा ऐकून सगळ्या माना आपोआप चौथ्या रांगेकडे वळल्या. त्या गणपतीच्या सभेत वळल्या होत्या तशाच. शिशिर सावकाश उभा राहिला. बाबारावांनी पेन उघडलं.

"आधी डॉक्टरचा चेक दाखवा," शिशिर म्हणाला.

डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून चेकबुक काढलं, टेबलावर ठेवून सगळ्यांदेखत चेक लिहिला, सही केली आणि फाडून वर धरला. शिशिर रांगेतून वाट काढत पुढे आला. चेक हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, तारीख वाचली, आकडा वाचला, अक्षरांतली रक्कम वाचली, सही उजेडात धरून पाहिली. मग तो बाबारावांकडे दिला.

"लिहा," तो म्हणाला. "भाकरे, एकावन्न हजार एक."

लोक हसू लागले. टाळ्या पडू लागल्या. शिशिरनं डॉक्टरांच्या पाठीवर थाप मारली, जरा जोरातच मारली, आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाला, "अन् पोह्याचं बिल आता पाच वर्सं तू द्याचं. रोख."

डॉक्टरांनी मान हलवली.